निसर्गरम्य स्कार्फ

हल्ली प्रदर्शनात हातमागाचा स्कार्फ घ्यायला गेलं की कापडाआधी चिठ्ठी वाचावी लागते. जाड, खरखरीत, मुद्दाम मळकट ठेवलेल्या कागदाची ती चिठ्ठी सुतळीने बांधलेली असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं की हा स्कार्फ कोकणातल्या पहिल्या पावसावरून सुचला आहे. शेजारचा काश्मीरमधल्या केशराच्या शेतावरून. त्याच्या पलीकडचा, निळा-हिरवा, किंमत वाचून आपले डोळे पांढरे करणारा, अंदमानच्या समुद्रावरून. छत्रपती संभाजीनगरची बाई त्या रांगेपुढून दोनदा जाते, सगळ्या चिठ्ठ्या उलटसुलट करून बघते. मराठवाड्यावरून कुणाला काहीही सुचलेलं नसतं.

डिझायनर मंडळींना तरी काय बोलायचं? निसर्गावरून सुचायचं तर निसर्ग जागेवर सापडायला हवा. आमचा निसर्ग वर्षातून दोन-अडीच महिने कामावर असतो. त्या दिवसांत म्हैसमाळच्या घाटात इतक्या गाड्या चढतात की हिरवळ बघायला गेलेला माणूस पुढच्या गाडीचा नंबर पाठ करून परत येतो. गौताळ्याचं जंगल, वेरूळच्या लेण्यांवरून कोसळणारं पाणी, देवगिरीभोवतीचे डोंगर, सगळं तेव्हा पाहुण्यांना दाखवण्याजोगं असतं. ऑक्टोबरचं ऊन लागलं की हा पसारा आवरला जातो आणि पुढच्या जूनपर्यंत डोंगर म्हणजे नुसता डोंगर. म्हणून जानेवारीत आलेल्या पाहुण्याला आम्ही सांगतो, "पावसाळ्यात या, मग बघा." आणि पावसाळ्यात आलेल्याला सांगतो, "यंदा पाऊस जरा कमीच आहे हो."

पाहुणे मात्र येतात. आमचं शहर महाराष्ट्राची पर्यटन राजधानी आहे, याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की इथल्या गृहिणीला स्वतःचा डिसेंबर नसतो. त्यातून अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद. पाहुणे नेमके रविवारी रात्री उतरतात, सोमवारी अजिंठ्याचा बेत करतात आणि तो बेत मोडला की मंगळवारी वेरूळ ठरवतात. दोन दिवस घरात बसून तिळाच्या चटणीवर मतं देण्यापेक्षा त्यांना बाहेर काढणं बरं म्हणून मग हिमरू.

आमच्या ह्यांच्या आत्या पुण्याहून आल्या त्या अशाच सोमवारी. आत्यांनी नोकरीभर हिशेब तपासले, आता निवृत्तीनंतर माणसं तपासतात. सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडचं ते हिमरू म्हणजे नक्की काय? शाल की स्कार्फ?" मी म्हटलं, "आत्या, कापडाचं नाव आहे. त्याची शाल होते, स्कार्फ होतो, शेरवानीसुद्धा होते." "आणि थंडी?" "थंडी होत नाही," मी म्हटलं. खरंच आहे ते. ज्या शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि स्वेटर माळ्यावरून काढून वास जाईपर्यंत थंडी ओसरते, त्या शहराची जगभर ओळख शालीसाठी असावी, हा विनोद आमच्या आधीच्या पिढ्यांनी करून ठेवला आहे.

याचं मूळ मुहम्मद बिन तुघलकापाशी जातं. १३२७ साली त्याने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, नाव ठेवलं दौलताबाद, आणि दरबाऱ्यांना, सरदारांना, विद्वानांना बायकापोरांसह इकडे चालायला लावलं. त्यांच्याबरोबर विणकरही आले असं सांगतात. काही वर्षांत सुलतानाचं मन बदललं, राजधानी परत गेली. विणकर राहिले. नान-खलियाही तुघलकाच्याच लष्कराबरोबर आला असं इथले जुने लोक छातीठोकपणे सांगतात. इतिहासाची पुस्तकं त्या राजधानी-बदलाला सनक म्हणतात. हळद लावलेला तो पिवळा नान खलियात बुडवून खाल्लेल्या माणसाला तसं म्हणवत नाही.

आत्यांना घेऊन मी दुकानात गेले, तर दुकानदाराने मात्र सुरुवात तुघलकापासून केली नाही. हिमरूच्या दुकानात माल दाखवण्याआधी इतिहास दाखवायची पद्धत आहे. आम्हाला गादीवर बसवलं, चहा मागवला, पंखा आमच्याकडे वळवला आणि म्हणाला, "ताई, मार्को पोलो दख्खनमधून चालला होता, तेव्हा त्याला हिमरूची शाल भेट दिली होती. त्याने लिहून ठेवलंय, कोळ्याच्या जाळ्यासारखी तलम म्हणून." आत्यांनी मान डोलावली. मग तो तुघलकावर आला, १३२७ वर आला, दिल्लीच्या विणकरांवर आला. आत्यांची मान डोलायची थांबली.

"मार्को पोलो वारला कधी?" आत्यांनी मला विचारलं. जावयाचा वाढदिवस विचारावा इतक्या सहजपणे त्यांनी हे विचारलं. मी मोबाइल काढला. १३२४.

"म्हणजे," आत्या दुकानदाराला म्हणाल्या, "जे विणकर अजून दिल्लीतून निघालेच नव्हते, त्यांनी विणलेली शाल हे गृहस्थ घेऊन गेले आणि मेलेसुद्धा?"

दुकानदार तीस वर्षं पर्यटक हाताळत असावा. क्षणभरही न अडखळता म्हणाला, "मॅडम, पहले सॅम्पल आया था. माल नंतर आला."

या उत्तरावर आत्या खूश झाल्या. त्यांच्या मते सबंध सहलीत मिळालेलं ते एकमेव समाधानकारक उत्तर होतं.

हिमरूची खरी गोष्ट मार्को पोलोपेक्षा चांगली आहे, पण ती गादीवर बसवून सांगितली जात नाही, कारण तीत 'स्वस्त' हा शब्द येतो. राजेरजवाड्यांसाठी कमखाब विणत, सोन्याचांदीच्या जरीचं, अंगावर घातलं तर खुर्चीतून उठायला दोन नोकर लागावेत असं. ज्यांना डौल हवा पण खजिना नाही, त्यांच्यासाठी त्याच धर्तीवर उभ्या सुती धाग्यात आडवं रेशीम घालून हिमरू विणलं गेलं. म्हणजे मुळात ते कमखाबाची परवडणारी आवृत्ती. आणि या शहराचा स्वभावच तसा आहे. आझमशहाने आईसाठी बीबी का मकबरा बांधला तो ताजमहालाकडे बघत, पण खर्चाकडेही बघत. पावणेसात लाखांच्या आत काम उरकलं असं सांगतात. संगमरवर जिथे नजर पोचते तिथे, बाकी गिलावा. लोक त्याला 'गरिबांचा ताज' म्हणून हसतात. मला विचाराल तर हे हसण्यासारखं नाही. ज्या घरात लग्न झालं आहे तिथे बजेटमध्ये राहून डौल आणणं ही आयुष्यभराची कला असते.

वाईट एवढंच की आता नकलेचीही नक्कल आली आहे. मकबऱ्याबाहेर किंवा लेण्यांच्या वाटेवर 'ओरिजनल हिमरू' म्हणून जे स्कार्फ गठ्ठ्याने टांगलेले असतात, त्यातले बरेचसे बाहेरगावच्या यंत्रमागावरून येतात. ते इतके स्वच्छ, सरळ आणि एकसारखे असतात की बघूनच संशय यावा. "हॅण्डमेड आहे का?" असं विचारलं तर विकणारा पोरगा "एकदम हॅण्डमेड" म्हणून हाताने तो झटकून दाखवतो.

आत्यांना मात्र त्या चिठ्ठीवाल्या स्कार्फचं वेड लागलेलं होतं. पुण्यात त्यांच्या भिशीतल्या एकीने 'सह्याद्रीतील धुके' नावाचा स्कार्फ घेतला होता, नुसता करडा, आणि त्याचं पाऊण तास कौतुक झालं होतं. आत्यांना त्याच्यावर तोड हवी होती. "तुमच्या इथला निसर्ग असलेला काहीतरी दाखवा," त्या म्हणाल्या. दुकानदार विचारात पडला. त्याच्याकडे बदाम होते, कोयऱ्या होत्या, वेलबुट्टी होती, अजिंठ्याचं कमळ होतं, पण थेट निसर्ग असा वेगळा कप्पा नव्हता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय की आपला स्कार्फ काढायचाच झाला तर कुठले रंग लागतील?

जमीन काळी. यावर वाद नको. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाने थरावर थर अंथरले, त्याचा झाला काळा पाषाण, आणि त्याच पाषाणाची झाली माती. आमच्याकडे जे काही दाखवायला आहे ते सगळं या दगडात. वरून खाली कोरत आणलेलं कैलास लेणं त्यात, देवगिरीचा तासलेला कडा त्यात, कपाशीचं शेत त्यात आणि आमच्या मागच्या गल्लीत गेली कित्येक वर्षं फोडून ठेवलेला रस्ताही त्यात. पण हा काळा एक नाही. नांगरून तापत पडलेल्या ढेकळांचा काळा मे महिन्यात राखेकडे झुकतो. पहिल्या पावसानंतर तोच इतका गर्द होतो की बघून कुणालाही शेत घ्यावंसं वाटतं. चंद्रकळेचा काळा निराळा, तव्याचा निराळा, हे ज्यांना कळतं त्यांना पुढचं सांगायला नको.

या काळ्यावर तपकिरी. आठ महिन्यांचा रंग आहे, त्यामुळे पट्टा रुंद लागेल. पुणे-मुंबईचे लोक ज्याला 'सगळं वाळून गेलंय' म्हणतात, त्यात वाळल्या कुसळीचा फिकट सोनेरी असतो, कडब्याच्या गंजीचा उन्हाने विटलेला पिवळट असतो, तुरीच्या काड्यांचा लालसर असतो, आणि विटकरी, बदामी, गव्हाळ, खाकी असे सगळे भाऊबंद असतात. हिरव्याच्या छटा ओळखल्या की माणसाला निसर्गप्रेमी म्हणतात. तपकिरीच्या छटा ओळखणाऱ्याला नुसतं मराठवाड्यातला म्हणतात.

हिरवा अजिबात नको असं नाही. हुरड्याचा हिरवा हवाच. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचं कणीस दुधात असतानाचा तो रंग, कोवळा आणि किंचित पांढुरका, जो गोवऱ्यांच्या आरावर भाजला की काळवंडतो आणि तळहातावर चोळला की पुन्हा वर येतो. सीताफळाचा हिरवाही घ्या, दौलताबादच्या रस्त्याला टोपल्या लावून बसलेला. मध्ये एखाद्या धाग्यापुरता पळस, फेब्रुवारीच्या शेवटी बिनपानांच्या फांद्यांवर एकदम पेटणारा. कपाशीचा पांढरा. सुती धागा तसाही पांढराच येतो, तेवढाच रंगाचा खर्च वाचेल.

गुलाबी घालायचा मोह होतो. जून २०२०मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं होतं. टाळेबंदीत घरी बसलेल्या देशाला तेवढीच करमणूक झाली. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं की पाण्यातला खारेपणा वाढला आणि खारटपणात फोफावणारे सूक्ष्मजीव माजले, रंग त्यांचा. स्कार्फसाठी याहून चांगली चिठ्ठी मिळणार नाही. पण लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. मराठवाड्याच्या स्कार्फात विदर्भाचा गुलाबी घातला तर अनुशेषाचा नवा मुद्दा निघेल. त्यापेक्षा हिवाळ्यात जायकवाडीच्या नाथसागरावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी घ्यावा. पक्षी बाहेरून येतात पण पाणी आमचं.

पाणी आमचं म्हटलं आणि निळ्यापाशी येऊन अडकलो. या प्रदेशात निळा रंग हा कायमच अडचणीचा विषय आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी लाल आणि पिवळा गेरूच्या मातीतून काढला, हिरवा इथल्याच खडकातल्या खनिजातून, पांढऱ्याला चुना, काळ्याला काजळी. सगळा बाजार पायाखाली. निळा मात्र नव्हता. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, त्यांनी निळ्यासाठी वापरला तो लाजवर्द, आणि लाजवर्दाची खाण अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये. तिथून डोंगर-नद्या ओलांडत तो दगड वाघूर नदीच्या काठी यायचा, कुटला जायचा आणि मग कुठे एखाद्या राजपुत्राच्या मागची निळाई भरली जायची. दीड हजार वर्षांत यात फारसा फरक पडलेला नाही. जायकवाडीतला निळाही वरूनच यावा लागतो, फक्त आता बदख्शानऐवजी नाशिक-अहिल्यानगरकडून. तिथले लोक म्हणतात, धागा आधी आमच्या मागाला पुरू द्या. आम्ही समन्यायी वाटपाचा २००५चा कायदा दाखवतो. मग कोर्ट, मग बैठक, मग टीएमसी. बदख्शानचे व्यापारी दगड तरी वेळेवर देत असावेत.

यावर मी एक तोडगा काढला आहे. स्कार्फच्या किनारीचा निळा पट्टा दरवर्षी जायकवाडीच्या टक्केवारीप्रमाणे विणायचा. ऑगस्टमध्ये या शहरात दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर, "जायकवाडी किती झालं?" आधी. नव्वद टक्क्यांच्या वर गेलं की चार बोटं रुंद किनार. तीस टक्क्यांच्या वर्षी नुसती एक ओळ, तीही विणकराने दया येऊन घातलेली. पुढे कुणाचं लग्न कुठल्या साली झालं हे पत्रिका न शोधता स्कार्फवरून सांगता येईल. आत्यांना ही कल्पना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या नळाला पाणी येतं त्या दिवसाला वेगळा धागा घाल. सोन्याचा."

पैठणीने मात्र हा दुष्काळाचा त्रास कधी करून घेतला नाही. पैठण इथून पन्नास-एक किलोमीटर, धरणाच्या पायथ्याशी. पदरावर बघावं तर मोर, पोपट, कमळं, कोयऱ्या, नारळी काठ. नारळ! पैठणला कुठे आलेत नारळाचे बन? आजूबाजूला टँकर चालू असले तरी पदरावर कमळं फुललेली. आता पैठणीचे स्टोल आणि ओढण्या निघाल्या आहेत, ज्यांना अख्खी साडी झेपत नाही आणि टीव्हीवरच्या 'होम मिनिस्टर'मध्ये जिंकताही आली नाही अशांसाठी. पदरावर मोर काढायचा तर विणकर छोट्या छोट्या कांड्यांनी रंग बदलत बसतो आणि दिवसभराचं काम इंचांत मोजावं लागतं. पण निसर्गाचं म्हणाल तर मला पैठणीत सगळ्यात खरी वाटते ती धूपछाव: उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, आणि हलवलं की कापड मत बदलतं. भाद्रपदात ढग भरून येतात, सगळे खिडक्या लावून घेतात आणि पाच मिनिटांत लख्ख ऊन पडतं, तो आमच्याकडचा पाऊस या वाणात हुबेहूब उतरला आहे.

एवढा खटाटोप करून विणलेला स्कार्फ वापरणार कुठे, हा प्रश्न आत्यांनी विचारला नाही. तो बायका विचारत नसतात. कारण शहरात खरा राबतो तो दुसराच स्कार्फ, पैठण गेटला किंवा गुलमंडीला हातगाडीवर मिळणारा छापील सुती. क्रांती चौकात दुपारी सिग्नलला उभं राहा आणि बघा. कॉलेजच्या पोरी गाडीचा स्टँड लावून, आरशात न बघता, एक टोक कानाशी दाबून दुसरं टोक नाकावरून, डोक्यावरून, मानेमागून असं फिरवतात की शेवटी दोन डोळे आणि गॉगल उरतो. सख्खा बाप शेजारच्या गाडीवर असला तरी ओळखत नाही, आणि कधी कधी सोय तीच असते. हा स्कार्फ ऊन अडवतो, एमआयडीसीची धूळ अडवतो, शेजारच्या काकूंच्या चौकशा अडवतो, आणि घरी आल्यावर त्यानेच सायकलची चेन पुसली जाते. त्याला कुणी चिठ्ठी बांधत नाही. वाळूज ते चिकलठाणा रस्त्याचे सगळे रंग त्याच्यावर आपोआप चढलेले असतात.

तिसरा प्रकार निवडणुकीत निघतो, गळ्यात घालायचं उपरणं. भगवं, निळं, हिरवं, तिरंगी. यालाही वातावरणावरून प्रेरित म्हणायला हरकत नाही, कारण वातावरण बदललं की तेही बदलतं. आमच्या कॉलनीतल्या एका कार्यकर्त्याकडे सगळ्या रंगांचा संच आहे आणि तो इस्त्री करून ठेवतो. "कुणाची सभा असेल सांगता येत नाही वहिनी," असं त्याने मला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं.

खरी हिमरू शाल या सगळ्यांच्या वर, म्हणजे कपाटाच्या वरच्या फळीवर, डांबरगोळ्यांच्या सहवासात. ती सत्कारात मिळालेली असते किंवा सत्कारात द्यायची असते. मराठी माणसाच्या अंगावर शाल पडते ती बहुधा हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली, मार्चमध्ये, आणि फोटो निघेपर्यंतच. त्यानंतर तिची घडी तो कार्यक्रमातच घालायला लागतो.

दुकानातलं बघून झालं तरी आत्यांना माग बघायचा होता. दुकानदार जरा घुटमळला, मग नवाबपुऱ्याकडच्या एका बोळात पाठवलं. शहरात हिमरूचे हातमाग आता बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत, त्यातला एक तिथे होता. खोलीत वीज गेलेली. वर टांगलेल्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्या एकेक करून सरकत होत्या, आणि खाली वयस्कर विणकरचाचा पाय खड्ड्यात सोडून बसलेले. धोटा इकडून तिकडे, फणीचा ठोका, पुन्हा धोटा. वीज नसल्याने त्यांचं काहीच अडलेलं नव्हतं. हातमागाची ही एक बाजू सरकारी पत्रकांत कधी वाचायला मिळत नाही: माग चालू राहतो, पंखा बंद पडतो.

एक धागा तुटला. चाचांनी बोटाला थुंकी लावली, दोन टोकं अंगठ्याखाली घेऊन अशी वळली की गाठ दिसलीच नाही, आणि हे सगळं करताना ते आत्यांशी बोलत होते. आत्या भारावल्या. म्हणाल्या, "हे डिझाइन तुम्हाला कशावरून सुचतं?" चाचांनी मान वर करून पुठ्ठ्यांकडे बघितलं. "वरून येतं."

आत्यांना ते आध्यात्मिक वाटलं.

"आणि निसर्गातून काही प्रेरणा वगैरे?"

"निसर्ग तो बाहर है ताई," चाचा म्हणाले. "हम तो सुबहसे इधर है."

मग त्यांनी विणलेल्या भागाचं टोक उलटं करून आमच्यापुढे धरलं. समोरून जिथे एक आटोपशीर काळसर जमीन आणि तीवर बदामी बुट्टा होता, तिथे मागे रेशमाच्या सुट्या धाग्यांची गर्दी होती. हिरवट, लालसर, पिवळे, गहूवर्णी धागे एका बुट्ट्यापासून दुसऱ्या बुट्ट्यापर्यंत तरंगत गेलेले. समोर जो रंग चिमूटभर दिसतो तो मागे हातभर पसरलेला असतो. यंत्रावरच्या नकलेत हे मागचे धागे बहुतेकदा कापून टाकतात, वजन आणि दाम कमी करायला, असं चाचा म्हणाले, आणि त्या धाग्यांवरून अंगठा फिरवला. मऊपणा असतो तो या बाजूला. शाल अंगाला लागते ती या बाजूने.

आत्यांनी काळ्या जमिनीवरचा बदामी बुट्ट्यांचा स्कार्फ घेतला. घासाघीस केली नाही, हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी आत्यांना बरं आहे ना म्हणून फोन केला. परतीच्या बसमध्ये बसण्याआधी त्यांनी माझ्याकडून एक जाडसर कागद मागून घेतला आणि स्वतःच चिठ्ठी लिहिली: 'मराठवाड्यातील एप्रिल'. आता भिशीत त्या धुकेवालीचं काय झालं ते कळायचं आहे, पण आत्या हरणाऱ्यातल्या नाहीत.

तुम्ही आलात तर एवढं करा. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ धरू नका. दुकानात मार्को पोलोची गोष्ट ऐकून घ्या, चहा फुकट असतो. पैसे काढण्याआधी मात्र माग कुठे आहे ते विचारा आणि जाऊन बघा, आणि कापड उलटं करून दाखवायला सांगा. जो दुकानदार उलटं करायला कांकू करेल, त्याच्याकडून घेऊ नका.